पोफळीवरची मिरवेल

"ह्या शिकान दुसऱ्याच्या मनातला कळता काय?"

बारावीचा निकाल लागून प्रवेशअर्जांची गडबड सुरू झाली की हा प्रश्न मला कुणीतरी विचारतंच. विचारणारे बहुधा वडील असतात. वालावलहून सकाळच्या एसटीनं कुडाळला आलेले, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली गुणपत्रिका. मुलीनं मुख्य विषय मराठी किंवा वाणिज्य ठरवलेला असतो आणि 'मायनर'च्या रकान्यात तिला मानसशास्त्र लिहायचं असतं. वडिलांचा विरोध नसतो. घेतो आहोत ती वस्तू काय आहे, एवढंच त्यांना कळून घ्यायचं असतं. पहिल्या प्रश्नामागून आणखी दोन येतात: मायनर म्हणजे कमी दर्जाचा विषय का, आणि हे शिकून पोरीला समुपदेशक होता येईल का?

तिन्ही प्रश्न रास्त आहेत. मधला आधी घेऊ, कारण तो हिशेबाचा आहे आणि लवकर सुटतो.

१. मायनर म्हणजे नेमकं किती?

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या चौकटीत पदवीचं वजन श्रेयांकांत, म्हणजे सगळे ज्याला क्रेडिट म्हणतात त्यात, मोजलं जातं. वर्गात बसून शिकायच्या विषयात एक क्रेडिट म्हणजे साधारण 15 तास. प्रात्यक्षिक असेल तर 30 तास. तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 क्रेडिट लागतात. महाराष्ट्राच्या आराखड्यात त्यांतले 18 ते 20 मायनर विषयाचे आहेत.

आता गुणाकार करा. 20 क्रेडिट गुणिले 15 तास म्हणजे 300 तास. रोज सहा तास वर्ग भरला असता तर 50 दिवसांत संपलं असतं. तीन वर्षांच्या शिक्षणातले पन्नास भरगच्च दिवस आणि पदवीचा सहावा हिस्सा, एवढं मायनर असतं. प्रात्यक्षिकं धरली तर तास थोडे वाढतात. ही मोजणी आधी सांगतो, कारण पुढे काय अपेक्षा धरायची आणि काय धरायची नाही, हे या तीनशे तासांवरूनच ठरतं.

पण 'मायनर' म्हणजे 'किरकोळ' असं समजू नका. आपल्या बागेत पोफळीवर मिरवेल चढवलेली असते. वेलीला स्वतःच्या बळावर उभं राहता येत नाही, म्हणून ती पोफळीचा आधार घेते. पण तिची मुळं वेगळी, तिचे घोस वेगळे, आणि तिच्या मिरीचा भाव सुपारीच्या भावावर ठरत नाही. मेजर म्हणजे पोफळ, मायनर म्हणजे मिरवेल. त्याच जागेत, त्याच शिंपण्यात दुसरं पीक. महाराष्ट्राच्या नियमांत मायनर आपल्याच शाखेतला घेता येतो, तसा दुसऱ्या शाखेतलाही घेता येतो. म्हणजे वाणिज्याच्या मुलीला मानसशास्त्र घ्यायला नियमाची आडकाठी नाही. अडचण निराळीच असते: कॉलेजात तो विषय शिकवायला कुणी आहे का? सिंधुदुर्गातली महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाला जोडलेली आहेत, पण विद्यापीठाच्या यादीतला प्रत्येक विषय प्रत्येक गावी मिळत नाही. तेव्हा अर्ज भरण्याआधी कॉलेजात जाऊन विचारा. आणि शिक्षक कायम आहेत की तासिका तत्त्वावर, हेही विचारा. हा प्रश्न विचारायला लोक संकोचतात. संकोचू नका, मुलीची तीन वर्षं आहेत.

जुन्या पदवीधरांना ही कल्पना तशी नवी नाही. मुंबई विद्यापीठाच्या जुन्या बी.ए.ला तिसऱ्या वर्षी एकाच विषयाचे सहा पेपर घेता येत, नाहीतर दोन विषयांचे तीन-तीन. 'माझे तीन पेपर मानसशास्त्राचे होते' असं सांगणारी एखादी आत्या तुमच्याही घरात असेल. मायनर हे त्या तीन-तीनचंच धाकटं भावंड.

२. नंदीबैल आणि बर्लिनचा घोडा

आता वडिलांचा पहिला प्रश्न. मनातलं कळतं का?

घाटावरून येणारा नंदीबैलवाला तुम्ही पाहिला असेल. गुबुगुबु वाजवत तो विचारतो, "औंदा पाऊस येणार का?" आणि बैल मान डोलावतो. बैलाला पाऊस कळत नाही, मालकाची खूण कळते, हे लहान मुलालाही ठाऊक असतं. पण मालकाला स्वतःलाच आपण खूण करतो आहोत हे माहीत नसेल तर?

बर्लिनमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अगदी असंच घडलं. विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाच्या निवृत्त गणितशिक्षकाचा हान्स हा घोडा बेरजा-वजाबाक्या करायचा. पाच अधिक तीन विचारलं की खूर आठ वेळा आपटून थांबायचा. फॉन ओस्टेन लबाड नव्हते, त्यांनी तिकीटही लावलं नव्हतं. त्यांना मनापासून वाटत होतं की आपण घोड्याला गणित शिकवलं. 1904 साली जाणकारांची समिती बसली, तिलाही लबाडी सापडली नाही.

मग ऑस्कर फुंग्स्ट या तरुण अभ्यासकानं दोन साध्या गोष्टी केल्या. ज्याला स्वतःला उत्तर माहीत नाही अशा माणसाला त्यानं प्रश्न विचारायला लावलं, आणि घोड्याच्या डोळ्यांना झापडं लावून त्याला विचारणारा माणूस दिसू दिला नाही. दोन्ही वेळा हान्सचं गणित कोसळलं. प्रश्न विचारला की माणूस खुराकडे बघायला किंचित पुढे वाकतो आणि बरोबर आकडा आला की त्याचं डोकं केसभर वर उचललं जातं. घोडा ती हालचाल टिपून थांबत होता. फुंग्स्टनं 1907 साली हे प्रसिद्ध केलं. त्यातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट अशी की सगळं कळल्यावरही त्याला स्वतःला ती हालचाल थांबवणं फार जड गेलं. पुढे त्यानं लोकांना एखादा आकडा मनात धरायला सांगितला आणि त्यांच्या डोक्याची हालचाल बघून तो बहुतेक वेळा ओळखून दाखवला.

म्हणजे या अर्थानं मनातलं थोडं कळतं. पण मानसशास्त्राचा खरा धडा पुढचा आहे. आपल्याला कळलं असं जे वाटतं ते कसं तपासायचं? उत्तर माहीत नसलेल्या माणसाकडून विचारून बघा. झापडं लावून बघा. औषधांच्या चाचणीत खरी गोळी कुणाला आणि साखरेची कुणाला हे डॉक्टरलाही कळू देत नाहीत, ते याच कारणानं. वडिलांना मी सांगतो: तुमची मुलगी मन वाचायला शिकणार नाही, पण 'मला मन वाचता येतं' म्हणणाऱ्याला चार नेमके प्रश्न विचारायला शिकेल.

हा विषय तसा तरुण आहे. माणसं मनाचा विचार हजारो वर्षं करत आली, पण त्यासाठी प्रयोगशाळा उघडली ती विल्हेल्म वुंट यांनी लाइपझिगला, 1879 साली. भारतात कलकत्ता विद्यापीठानं 1916 मध्ये स्वतंत्र विभाग सुरू केला, पुणे विद्यापीठात तो 1950 मध्ये आला.

३. वहीत काय लिहायचं असतं

मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकाच्या वहीत दोन माणसं असतात: प्रयोगकर्ता आणि प्रयुक्त. ज्याच्यावर प्रयोग होतो तो प्रयुक्त. बहुतेक वेळा शेजारच्या बाकावरची मैत्रीणच प्रयुक्त होते आणि मग पाळी बदलते. दोन प्रयोग घरी करून बघा, म्हणजे विषयाची चव कळेल.

पहिल्याला लाकडी फूटपट्टी पुरते. भावाला अंगठा आणि तर्जनी उघडी धरायला सांगा. पट्टीचा शून्याचा आकडा त्याच्या बोटांमध्ये येईल अशी ती वरून धरा आणि न सांगता सोडा. त्यानं ती पकडली तिथला आकडा वाचा. 10 सेंटीमीटरवर पकडली तर सुमारे 0.14 सेकंद लागले, 15 वर 0.17, 20 वर 0.20, 25 वर 0.23. पट्टी एका ठरावीक वेगवाढीनं पडते, म्हणून अंतरावरून वेळ काढता येतो. आता दहा वेळा करा आणि सरासरी घ्या. एकदाच करून भागणार नाही. एखाद्या खेपेला बाहेर कुत्रं भुंकेल, एखाद्या खेपेला तो अंदाजानं आधीच बोटं मिटेल. एका खेपेवरून माणूस जोखायचा नाही, ही सवय इथून लागते. मग त्याला मोबाइलवर बोलत बोलत पकडायला सांगा आणि दोन सरासऱ्या शेजारी ठेवा. दुचाकी चालवताना फोन का घ्यायचा नाही, हे तुमच्या भावाला भाषणापेक्षा त्या दोन आकड्यांतून लवकर पटेल.

दुसरा प्रयोग हेर्मान एबिंगहाउस यांचा. 'झुप, रेठ, बीग' अशी निरर्थक अक्षरं त्यांनी स्वतःच पाठ करून पाहिली आणि 1885 साली निष्कर्ष छापले. निरर्थक का? अर्थ असला की आधीची ओळख मदतीला येते आणि निव्वळ पाठांतर मोजता येत नाही. त्यांची मोजण्याची युक्ती सुंदर होती. 'किती आठवतं' हे विचारायचंच नाही, 'पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागला' हे बघायचं. समजा एक यादी पहिल्यांदा 20 मिनिटांत पाठ झाली आणि दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा 13 मिनिटांत झाली. वाचली 7 मिनिटं, म्हणजे 20 पैकी 7, अर्थात 35 टक्के बचत. एबिंगहाउस यांची स्वतःची बचत 20 मिनिटांनंतर सुमारे 58 टक्के होती, तासाभरानं 44, एका दिवसानं 34, आणि महिन्यानंतरही 21. विसरणं पहिल्या तासाभरात धबाधब होतं आणि मग मंदावतं. परीक्षेच्या आदल्या रात्री एकदाच घोकण्यापेक्षा चार दिवस थोडं थोडं का वाचावं, याचं उत्तर या आकड्यांत आहे. आणि महिन्यानंतरचे ते 21 टक्के मला फार धीर देणारे वाटतात. पूर्ण विसरलो असं वाटतं, तेव्हाही काहीतरी शिल्लक असतं.

४. संहिता नसलेलं नाटक

इथं थोडं थांबायला हवं, कारण वालावलच्या मुलीकडे असं काहीतरी आहे जे लाइपझिगच्या विद्यार्थ्याकडे नव्हतं.

कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की या भागातल्या देवळादेवळांत दशावतार रंगतो. हार्मोनियम, मृदुंग, झांज. आधी गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, मग संकासूर, आणि रात्र चढली की आख्यान. लिहिलेली संहिता नाही. आज कुठलं आख्यान लावायचं आणि कोण काय करणार, हे रंगपटात ठरतं. माणसं आपलं तोंड आपण रंगवतात आणि पहाटेपर्यंत बोलत राहतात. कधी वाक्य अडत नाही. कसं?

एबिंगहाउसच्या 'झुप, रेठ, बीग'मधून याचं उत्तर मिळत नाही. ते मिळतं केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांच्याकडे. 1932 सालच्या आपल्या पुस्तकात त्यांनी दाखवलं की स्मरण म्हणजे कपाटात ठेवलेली वस्तू जशीच्या तशी काढणं नाही. मनात एक चौकट असते आणि आठवताना आपण तिच्या आधारानं गोष्ट पुन्हा बांधतो. त्यांनी उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक भुतांची लोककथा इंग्रज विद्यार्थ्यांना वाचायला दिली आणि काही काळानं ती आठवून लिहायला सांगितली. मूळ गोष्टीत धुकं, नदी, होड्या, सीलची शिकार आणि भुतं होती. विद्यार्थ्यांनी लिहिताना सीलच्या शिकारीची साधी मासेमारी केली, तिथल्या खास होडीची नुसती बोट झाली, आणि भुतं तर पुसटच झाली. जे आपल्या चौकटीत बसत नव्हतं ते त्यांनी नकळत गाळलं किंवा बदललं.

दशावतारी नटाकडे अशीच चौकट असते, फार मजबूत. राक्षस कसा येतो, ऋषी कसा चिडतो, राणी विलाप करताना कुठून सुरुवात करते, कुठल्या क्षणी पेटीवाला सूर देतो. गोष्ट पुराणातली, म्हणून शेवट सगळ्यांना ठाऊक. या सांगाड्यावर तो दर रात्री नवं मांस चढवतो. कालची वाक्यं त्याला आठवायची नसतातच, म्हणून तो विसरतही नाही. समोरच्यानं अनपेक्षित प्रश्न टाकला तर राजाच्या तोंडी राजासारखं उत्तर आपोआप येतं, कारण राजा कसा बोलतो ते त्याला माहीत आहे.

एकदा हे कळलं की अभ्यासाकडेही वेगळ्या नजरेनं बघता येतं. धड्याचा एकेक परिच्छेद पाठ करणारा विद्यार्थी 'झुप, रेठ, बीग' करतो. धड्याचं आख्यान समजून घेणारा, म्हणजे कोण, कशामुळे, मग काय, पुढे काय, हे धरणारा विद्यार्थी रंगपटातून बाहेर येतो तोच बोलायला तयार असतो.

आणि मला मनापासून हवाय असा एक प्रयोग सुचवतो. बार्टलेटची ती गोष्ट मराठीत आणून खाडीकाठच्या विद्यार्थ्यांना वाचायला द्यावी आणि पंधरा दिवसांनी लिहून घ्यावी. कर्लीच्या खाडीत होडी वल्हवलेला मुलगा होडी विसरेल का? ज्या घरात देवचाराची आणि राखणदाराची नावं रोज घेतली जातात, तिथली मुलगी भूत गाळेल का? माझा अंदाज आहे की केंब्रिजमध्ये जे पुसट झालं ते इथं ठळक राहील. अंदाज खोटाही ठरू शकतो, म्हणूनच प्रयोग करायचा. वालावलच्या लक्ष्मीनारायणाच्या देवळाशेजारच्या तळ्याकाठी वीस जणांना बसवून हा प्रकल्प होऊ शकतो. लागणार काय, कागद आणि पेन.

५. चार खणांची पाटी

कोकणात अडलेल्या कामासाठी देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. काम झालं की माणूस म्हणतो, "बघितलंस? गाऱ्हाणं घातलं आणि काम झालं." मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यानं इथं हसायचं नाही आणि वादही घालायचा नाही. एक पाटी घ्यायची आणि तिचे चार खण पाडायचे.

समजा 40 माणसांचं एकाच प्रकारचं काम अडलं होतं. 20 जणांनी गाऱ्हाणं घातलं, त्यांतल्या 12 जणांचं काम झालं, 8 जणांचं नाही. उरलेल्या 20 जणांनी घातलं नाही, त्यांतल्याही 12 जणांचं झालं, 8 जणांचं नाही. दोन्हीकडे 60 टक्के. पण गावात गोष्ट फिरते ती पहिल्या 12 जणांची. बाकीच्या तीन खणांतल्या 28 माणसांविषयी कुणी कुणाला सांगत नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही घडलेलं नसतं. आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत. सवय महत्त्वाची: भरलेला एक खण दिसला की रिकामे तीन मागायचे.

हीच पाटी जाहिरातीला लावा. 'आमच्या क्लासच्या इतक्या मुलांना नव्वद टक्के.' न मिळालेली किती? क्लास न लावता मिळवलेली किती?

याला जोडून आणखी एक. दोन गोष्टी बरोबरीनं वाढल्या म्हणजे एकीनं दुसरी घडवली असं होत नाही. पावसाळ्यात छत्र्या जास्त खपतात आणि लेप्टोच्या तापाचे रुग्णही वाढतात. छत्रीनं ताप येत नाही. दोन्हींच्या मागे पाऊस आहे, आणि उंदीर-गुरांच्या मुतानं दूषित झालेलं, शेतात साचलेलं पाणी. अभ्यासक्रमात याला सहसंबंध म्हणतात आणि त्याचं सूत्र असतं. सूत्राला घाबरून विषय सोडणारी मुलं मी पाहिली आहेत. दहावीच्या गणितापेक्षा त्यात फार कठीण काही नाही.

आणि गाऱ्हाण्याबद्दल माझं स्वतःचं मत सांगायला हवं. चार खणांनी गाऱ्हाण्याचं सगळं मोल मोजलं जात नाही. मनात दाबलेली काळजी माणूस चारचौघांत, मोठ्यानं, आपल्या भाषेत बोलून दाखवतो आणि सगळे मिळून 'होय महाराजा' म्हणतात. त्या माणसाला त्या रात्री झोप लागते का, हा वेगळा प्रश्न आहे. तोही मोजता येण्यासारखा आहे आणि कदाचित जास्त महत्त्वाचा आहे.

६. कुठल्या झाडावर चढवायची?

मिरवेल कुठल्याही झाडावर चढते, पण पीक सारखं येत नाही. वाणिज्य, पर्यटन यांना मानसशास्त्राचा उपयोग उघड आहे. सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, आज खाडीकाठी घरगुती निवासाच्या पाट्या दिसतात. दर सांगण्याचंच बघा: आधी ऐकलेला आकडा पुढच्या अंदाजाला कसा ओढून नेतो, हे ट्व्हर्स्की आणि कानमन या मानसशास्त्रज्ञांनी 1974 साली दाखवलं. आकड्यांचं चाक फिरवून ते 10 वर थांबवलं, तेव्हा संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के असतील याचा लोकांचा मधला अंदाज 25 आला, आणि 65 वर थांबवलं तेव्हा 45. होडीच्या फेरीचा दर सांगणाऱ्यानं आणि ऐकणाऱ्यानंही हे लक्षात ठेवावं. समाजशास्त्र आणि शिक्षणाबरोबर तर हा विषय सहज जातो. संगणकवाल्यांनाही पडदा कुणासाठी बनवतो हे कळायला तो लागतोच.

पण मला स्वतःला सर्वांत आवडणारी जोडी मराठी साहित्याची. हा मुलूखच तसा आहे. कुडाळला खाणावळ सांभाळत लिहिणारे आरती प्रभू, म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर. आरवलीचे जयवंत दळवी. दळवींच्या 'बॅरिस्टर' नाटकात घराण्यातलं वेड आपल्यालाही गाठेल या भयाखाली माणूस जगतो. ते वाचून विद्यार्थी विचारतो, वेड रक्तातून येतं का? मानसशास्त्राचं उत्तर असं: काही आजारांत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, पण ती शिक्षा नाही. रक्त अगदी एकच असलेल्या जुळ्यांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया झाला, तरी निम्म्याहून अधिक जोड्यांत दुसऱ्याला तो होत नाही. हे कळल्यावर नाटक लहान होत नाही. उलट ते भय किती खरं आणि किती उसनं, हा प्रश्न अधिक टोकदार होतो. फक्त एक पथ्य पाळायचं: पात्राला आजाराचं नाव देऊन मोकळं व्हायचं नाही.

७. तांडेल कोण?

आता तिसरा प्रश्न, आणि इथं मी स्पष्ट बोलतो. मायनर करून समुपदेशक होता येत नाही.

खाडीत होडी वल्हवता येते म्हणून कुणी ट्रॉलरचा तांडेल होत नाही. तीनशे तासांत वारा कुठून येतो ते कळतं, वीस माणसांचा जीव हाती घ्यायची तयारी होत नाही. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीनंतर मनोविकारशास्त्राचं शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो, तो औषध देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञानं मानसशास्त्रात पदव्युत्तर आणि त्यापुढचं देखरेखीखालचं प्रशिक्षण घेतलेलं असतं, आणि त्याची नोंद 1992 च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. मुलीला तिकडे जायचं असेल तर मायनर ही वाटेची सुरुवात होऊ शकते. मानसशास्त्राच्या एम.ए.साठी अनेक ठिकाणी पदवीला या विषयाचे ठरावीक क्रेडिट मागतात. कुठे जायचं ते ठरलं असेल तर त्या विद्यापीठाची अट पहिल्याच वर्षी वाचून ठेवा.

दुसरा धोका जवळचा आहे. अपसामान्य मानसशास्त्राचं प्रकरण वाचताना प्रत्येक लक्षण आपल्यात किंवा घरात दिसायला लागतं. मी शिकत होतो तेव्हा माझी मावशी रात्री तीन-तीनदा उठून दाराची कडी बघायची. मी तिला पुस्तकातला शब्द ऐकवला. ती काही बोलली नाही. पुढे बरेच दिवस ती माझ्यादेखत कडीला हात लावेना. काळजी तर गेली नव्हती, फक्त माझ्यापासून लपली होती. तिला काय वाटतं हे मी विचारलंच नव्हतं. कितीतरी वर्षांनी कळलं की तिच्या लहानपणी एकदा घरात चोर शिरला होता. नाव ठेवण्याआधी विचारायचं, हे मला त्या कडीनं शिकवलं.

मग मायनरच्या विद्यार्थिनीनं काय करायचं? शेजारची वहिनी बाळंतपणानंतर आठवडेच्या आठवडे रडते आहे हे 'नाटक' नाही, हे तिला ओळखता येतं. ऐकून घेता येतं. कुठे न्यायचं ते सांगता येतं: सरकारी रुग्णालय, रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय, आणि फोनवर 14416, म्हणजे ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेली, दिवसरात्र चालणारी टेली-मानस सेवा, जिथे मराठीत बोलता येतं. कुणी जीव देण्याची भाषा केली तर ती गंमत समजायची नाही, त्या माणसाला एकटं सोडायचं नाही आणि त्याच तासाला मोठ्या माणसाला सांगायचं. गुपित राखायचं वचन अशा वेळी मोडलं तरी चालतं.

८. दोन रकान्यांची वही

शेवटची अडचण भाषेची. पदवीची चांगली पुस्तकं बहुतांशी इंग्रजीत आहेत. बालभारतीची अकरावी-बारावीची मानसशास्त्राची पुस्तकं मराठीत आहेत, पहिल्या सत्राआधी ती दोन्ही वाचून काढा. आणि एक वही करा, दोन रकान्यांची. डावीकडे पुस्तकातला शब्द: अवधान, प्रबलन, अभिसंधान. उजवीकडे घरातला शब्द किंवा घरातलं उदाहरण. अभिसंधान म्हणजे दोन गोष्टी वारंवार जोडीनं आल्यामुळे जडलेली सवय. त्याच्यासमोर लिहा: माशेलीणीची हाक ऐकली की मांजर दारात.

काही दिवसांनी वही उलटी भरायला लागते. उजवीकडे घरातला शब्द असतो आणि डावीकडे काय लिहावं सुचत नाही. धास्ती. खंत. जीव वरखाली होणं. उमाळा. यांतला एकही पुस्तकातल्या शब्दावर तंतोतंत बसत नाही.

याचं महत्त्व प्रश्नावली हाती घेतली की कळतं. चिंता मोजायची सात प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली 2006 पासून जगभर वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला ते विचारायचं, प्रत्येक उत्तराला 0 ते 3 गुण, एकूण 21. तिच्यावरून आजार ठरत नाही, पुढे तपासणी हवी का एवढं कळतं. अशी प्रश्नावली दुसऱ्या भाषेत नेताना एकजण भाषांतर करतो, मूळ न पाहिलेला दुसरा ते उलटं मूळ भाषेत आणतो, आणि दोन्ही ताडून बघतात. पण अर्थ बरोबर उतरला तरी समोरच्या माणसाला तो लागतो का, हे घरी विचारूनच कळतं.

समजा वालावलच्या त्या मुलीनं आजीला पुस्तकी मराठीत विचारलं, "गेल्या दोन आठवड्यांत तुला चिंताग्रस्त वाटलं का?" आजी म्हणेल, "नाय गो, माका कसली चिंता?" शून्य गुण. मुलीनं वही उघडून उजव्या रकान्यातला शब्द घ्यावा आणि पुन्हा विचारावं, "आजी, जीव धडधडता काय गो तुजो?"

"होय तर. झील मुंबयच्या गाडयेत बसलो काय, घराक पावासर धडधडता."